तिसरा नकार

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी मी लॉन्ड्रीतल्या हजेरीच्या यंत्राशेजारचा फलक शून्यावर आणला. शेवटची दुखापत होऊन किती दिवस झाले ते त्या फलकावर दिसतं. आकडा वर्षभर न मोडता वाढत राहिला, तर नाताळात प्रत्येकाला घरी न्यायला एक अख्खा हॅम मिळतो. त्या वर्षी हॅम अगदी हाताशी आला होता. त्यामुळे शून्य बघून लोकांचे चेहरे असे पडले, की मला वाटलं, मीच कुणाचं तरी बोट कापलंय.

"कोण ते?" असं मात्र कुणी विचारलं नाही. एल्म फॉल्समध्ये असं थेट विचारत नाहीत. "सगळे ठीक आहेत ना, मर्ना?" असं विचारतात आणि मग उत्तराची वाट बघत तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. मी म्हटलं, "सगळे ठीक आहेत," आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आमच्या लॉन्ड्रीत तीन काउंट्यांमधल्या इस्पितळांची आणि वृद्धाश्रमांची धुणी येतात. एका बाजूला मळकी, दुसऱ्या बाजूला धुतलेली, मध्ये भिंत. मी चादरींना हात लावत नाही. हजेरी, पगार आणि कुणाला लागलं-खुपलं तर त्याची नोंद, हे माझं काम. दुखापतींच्या नोंदवहीचे नियम सरकारचे आहेत आणि त्यातले बहुतेक वाचताना डुलकी येते. एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. काही दुखापती अशा असतात, की त्यांच्यापुढे माणसाचं नाव लिहायचंच नाही. नावाच्या रकान्यात फक्त 'गोपनीय' लिहायचं. खरं नाव वेगळ्या कागदावर, तो कागद कुलपात, आणि आमच्याकडे त्या कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात. सरकारला एवढी समज आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

जिला लागलं तिला मी इथे कोरिन म्हणते. तिचं खरं नाव त्या कुलपात आहे आणि तिथेच राहील.

कोरिन मळक्या बाजूला चादरी निवडायची. शुक्रवारी सुट्टी व्हायच्या जरा आधी ती माझ्या खोलीत आली, तेव्हा धुऊन धुऊन तिचे हात लाल झाले होते. कुठल्याशा इस्पितळात कुणीतरी वापरलेली सुई चादरीतच राहू दिली होती. ती जाड हातमोज्यातून हिच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली.

"कुठला गठ्ठा होता?" मी विचारलं.

"सगळे एकत्र झाले होते गं. कुणाची सुई ते देवाला ठाऊक."

मी तिला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी रक्त घेतलं आणि सांगितलं, की धोका फार थोडा आहे, पण सुईला कुणाचं रक्त होतं ते कळायचा मार्ग नाही, म्हणून चार आठवडे गोळ्या घ्यायच्या आणि पुढे काही महिने मधूनमधून तपासणी करायची. स्वयंपाक करा, मुलांना जवळ घ्या, जखम भरली की सगळं पहिल्यासारखं करा, तुमच्या हातचं खाऊन कुणाला काही होत नाही, असंही त्या आपणहून म्हणाल्या.

परत येताना कोरिन बराच वेळ कापणी झालेल्या मक्याच्या शेतांकडे बघत होती. मग म्हणाली, "मर्ना, हे जेवणावळीच्या आधी कुणाला कळता कामा नये."

जेवणावळ म्हणजे आमच्या चर्चची, नोव्हेंबरातली. चर्चच्या तळघरातल्या दालनात सगळं गाव जेवतं. मीटबॉल असतात, उकडलेला मासा असतो, आणि लेफ्सा असते. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी, वर्तमानपत्रासारखी पातळ, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. बहुतेक लेफ्सा आदल्या दिवशी लाटून फडक्यात थप्प्या लावून ठेवतात. पण एक टेबल दालनाच्या मधोमध मांडलेलं असतं. त्यावर तवा असतो, आणि एक बाई तिथल्या तिथे लाटून गरम लेफ्सा हातात देते. ते टेबल कोरिनचं. त्याआधी तिच्या आईचं होतं, आणि लाटणं अजून आईचंच आहे. लोक ताटातले मीटबॉल थंड होऊ देतात, पण तिच्या रांगेत उभे राहतात.

"नोंदीत नाव येत नाही," मी तिला सांगितलं. "आणि लेफ्सातून कुणाला काही होत नाही. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की."

"ते मला माहीत आहे. लोकांनाही माहीत असेल. कळतं गं सगळ्यांना, वळत नाही. अॅल्विना लुंडबाईंचं विसरलीस?"

मी विसरले नव्हते. कुणीच विसरलेलं नाही, फक्त बोलत नाहीत. खूप वर्षांपूर्वी अॅल्विनाबाईंचा मुलगा मिनियापोलिसहून आजारी होऊन घरी आला, आईकडे. कसला आजार, ते गावात कुणी मोठ्याने म्हटलं नाही. तो घरीच वारला. त्या वर्षभरात अॅल्विनाबाई चर्चमध्ये जे करून आणायच्या ते ताटलीत तसंच्या तसं राहायचं. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. उलट "किती सुरेख दिसतंय, अॅल्विना" म्हणायचे, आणि शेजारच्या ताटलीतलं उचलायचे. त्यानंतर त्यांनी कधीच काही करून आणलं नाही. दर वर्षी जेवणावळीला तिकीट काढून येतात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जेवतात आणि जातात.

"त्यांची ताटली मी नेऊन दिली होती," कोरिन म्हणाली. "लहान होते मी. जेवणं झाल्यावर आईने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, बोलू नकोस काही, नुसती दे. केवढी जड होती ती, मर्ना. तपासणीची मला भीती वाटते, नाही असं नाही, पण ती मी निभावीन. त्या टेबलाशी तापलेला तवा घेऊन एकटीनं बसायचं, ते मला नाही जमणार."

मी नोंद केली. नावाच्या रकान्यात 'गोपनीय'. कुठे लागलं, या रकान्यात मळकी बाजू लिहिणं म्हणजे नाव लिहिण्यासारखंच होतं, कारण तिथे मोजून चार बायका. म्हणून 'कारखान्यात' एवढंच लिहिलं. असल्या बाबतीत मी तोंडात मिठाची गुळणी धरते. नवऱ्यालासुद्धा सांगत नाही, आणि तो तर कुणाशी बोलतच नाही.

आता आर्डिस. धुतलेल्या बाजूला घड्या घालणाऱ्या बायकांची ती मुकादम. साठी ओलांडलेली, हाडापेराने मजबूत, आणि गावात कुणाला शिंक आली की हिचा ओव्हन तापतो. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, कुणाच्या घरचं माणूस गेलं, की आर्डिस विश्रांतीच्या खोलीत कागद लावते: कोणत्या वारी कोण हॉटडिश नेणार. खिमा, डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या टिक्क्या, आणि सगळं ओव्हनमध्ये. आमच्याकडे दुःखावर दुसरं औषध नाही.

त्या सोमवारी दुपारी ती कोरा कागद घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"मर्ना, टाचण्या आहेत का गं तुझ्याकडे?"

टाचण्या तिच्या एप्रनला ओळीने टोचलेल्या दिसत होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार.

"बोल, आर्डिस."

"काही नाही, कागद लावत होते. वर नाव कुणाचं लिहू?"

"नाव नाही सांगता येणार."

"अगं, मी काय कुणाला सांगणार आहे?"

"तू ते कागदावर लिहून भिंतीवर लावणार आहेस."

"ते हॉटडिशसाठी. त्याला सांगणं म्हणत नाहीत." ती खुर्ची ओढून बसली. "बरं, मला वही दाखव. आम्हाला वही बघायचा हक्क आहे. घड्याळाखालच्या सरकारी कागदात लिहिलंय."

"आहे ना." मी वही उघडून तिच्याकडे फिरवली.

तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागली. "'गोपनीय.' हे काय गं? आणि कुठे लागलं, तर 'कारखान्यात'. कारखान्यात नाही तर काय चंद्रावर लागणार होतं?"

"तेवढंच लिहायचं असतं."

"मर्ना, कुणीतरी दुखणं अंगावर काढतंय आणि आपण साधं जेवण पाठवायचं नाही. शोभतं का हे आपल्याला?"

तिच्या मनाला ते खरंच लागलं होतं. आर्डिसवर रागावणं अवघड जातं ते यामुळेच. मी तरीही रागावले, पण अवघड गेलं.

"कुणी उपाशी नाही," मी म्हटलं.

"उपाशी कोणीच नसतं गं," ती उठता उठता म्हणाली. "म्हणून काय कुणी जायचं नाही का?" कोरा कागद तिने घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला.

आता आमची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच फसलं. आमच्याकडे कुणी खायला विचारलं, की पहिल्यांदा "नको, नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "नाही गं, भूकच नाही" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अगदी छोटा तुकडा" म्हणायचं आणि दोन खायचे. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरट. आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात एकदा दुपारच्या सुट्टीत आर्डिसने भोपळ्याच्या वड्या आणल्या. वर क्रीम चीजचा जाड थर. मी कॉफी घ्यायला तिथे गेले होते. कोरिन खिडकीपाशी कोरडी बिस्किटं समोर घेऊन बसली होती. गोळ्यांनी तिला दिवसभर मळमळायचं, आणि खाण्याचा वासही नको व्हायचा. ते फक्त मला माहीत होतं.

"कोरिन, घे एक," आर्डिसने डबा पुढे केला.

"नको, नको."

"घे गं. आज मुद्दाम जायफळ जास्त घातलंय."

"नाही, अगं. भूकच नाही."

"एवढीशी घे. अर्धी."

आम्ही सगळ्या पुढचं वाक्य ऐकायच्या तयारीत नव्हतोच, कारण ते काय असणार हे प्रत्येकीला ठाऊक होतं. कोरिनचा चेहरा पांढरा पडला होता. ती डब्यापासून मान वळवून म्हणाली, "नको, आर्डिस. खरंच नको."

कुणीतरी कप टेबलावर ठेवला, तो आवाज खोलीभर ऐकू आला. मी पटकन म्हटलं, "तिची मला दे," आणि एकीऐवजी दोन उचलल्या. पण शितावरून भाताची परीक्षा होऊन गेली होती. आर्डिसने कोरिनकडे पाहिलं, मग तिच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं, आणि आर्डिसचे डोळे भरून आले. आता ओव्हन तापणार हे मी तेव्हाच ओळखलं.

कागद तिने लावला नाही. एवढं तिला कळत होतं. तिने फक्त एकीला म्हटलं, "मंगळवारी तू कोरिनकडे जा," आणि दुसरीला म्हटलं, "गुरुवारी तू." का, ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कोरिनच्या दारात रोज संध्याकाळी एक गाडी थांबायला लागली, आणि गाडीतून उतरणारीच्या हातात कपड्यात बांधलेलं गरम भांडं. कोरिन रस्त्याच्या वळणावर राहते. तिच्या दारात कोण येतं ते गावाच्या टोकाच्या धान्याच्या कोठारापर्यंत सगळ्यांना दिसतं. मळक्या बाजूचं काम, वहीत लपवलेलं नाव, अन्नावरची उडालेली वासना. गावाला तर्क करायला तेवढं पुरलं.

पुढच्या सोमवारी कोरिन माझ्या खोलीत आली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तू सांगितलंस?"

"नाही."

"माहीत होतं मला. तरी विचारलं." मग ती बसली. "फिलिसचा फोन आला होता."

फिलिस आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराची मुखत्यार. तिच्याशिवाय तिथे मीठ हलत नाही.

"काय म्हणाली?"

"'कोरिन, किती वर्षं राबतेस गं तू. यंदा आराम कर. मजेत बसून जेव.' मी म्हटलं, छे, मला आवडतं. ती पुन्हा म्हणाली, आराम कर. मी म्हटलं, खरंच काही त्रास नाही. ती तिसऱ्यांदा म्हणाली." कोरिन अंगठा चोळत होती. पट्टी निघाली होती आणि आता तिथे काहीच दिसत नव्हतं. "मग मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा नाही कसं म्हणणार?"

मला इतका राग आला, की समोरचा पेन्सिलींचा डबा उचलून मी उगीचच दुसरीकडे ठेवला. फिलिसचा राग आला, आर्डिसचा आला, या आमच्या गोडबोल्या गावाचा आला. आणि गंमत अशी, की हा राग मला कुणापुढे काढता येत नव्हता. मी कुणाला जाब विचारायला गेले असते, तर तेच नाव सांगितल्यासारखं झालं असतं.

तरी मी आर्डिसकडे गेले. ती टॉवेलांच्या ढिगाशी एकटीच घड्या घालत होती.

"आर्डिस, मी कुणाचंही नाव घेणार नाही."

"बरं."

"समज, एक बाई आहे."

"कोरिन."

"मी म्हटलं नाही. समज, एक बाई आहे. तिला तिचं दुखणं झाकून ठेवायचंय. तो तिचा हक्क आहे, सरकारसुद्धा मानतं तो. आणि समज, तिच्या दारात रोज एक गाडी थांबते, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आणणारीची नावं लिहिलेली असतात."

आर्डिसचे हात थांबले. "आम्ही कुणाला एक शब्द बोललो नाही, मर्ना."

"शब्द कशाला हवेत? तुमची हॉटडिशच दवंडी पिटते."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"आणि समज," मी म्हटलं, "मग त्या बाईला फोन येतो, की यंदा तू आराम कर."

"लेफ्साला?"

"मी लेफ्सा म्हटलं नाही."

आर्डिस घडी केलेल्या टॉवेलांवरच बसली. आमच्या लॉन्ड्रीत धुतलेल्यावर बसलं की नोकरी जाते, आणि हा नियम तिनेच केलेला. "फिलिसने तिला काढलं," ती म्हणाली. "तिच्या आईच्या टेबलावरून. माझ्यामुळे."

"मी असं..."

"तू काही म्हटलं नाहीस, कळलं मला." तिने नाक पुसलं. "तिला बरं वाटावं म्हणून केलं गं मी."

"ठाऊक आहे."

चाळीस वर्षं ही बाई लोकांच्या दारात जेवण घेऊन गेली, आणि त्या जेवणाने कुणाचं वाईट झालं असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला तिची दया आली, पण मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण राग अजून पुरता उतरला नव्हता. ती एकच टॉवेल घडी करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती. शेवटी म्हणाली, "लॉन्ड्रीत आपण सगळे मिळून किती गं?"

दुसऱ्या दिवशी विश्रांतीच्या खोलीत कागद लागला. एक नाही, दोन जोडून लावलेले. त्यावर लॉन्ड्रीतल्या प्रत्येकाचं नाव होतं, मळकी बाजू, धुतलेली बाजू, गाड्या चालवणारे, मी, आणि व्यवस्थापकसुद्धा. प्रत्येकाच्या नावापुढे कोण हॉटडिश नेणार ते. वर आर्डिसच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ: कुणाला लागलंय ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांना.

मग जे सुरू झालं, ते एल्म फॉल्समध्ये अजून सांगतात. माझ्या घरी एकाच आठवड्यात ट्यूना माशाची हॉटडिश आली, कोंबडीची आली, आणि एक जण नुसते शेंगांचे दाणे आणि कांदा घेऊन आला, तो गाडीवाला होता, त्याला तेवढंच जमत होतं. मी स्वतः तीन घरी पोचवल्या. रस्त्यात भांडी घेतलेली माणसं एकमेकांना मान हलवून पुढे जायची. व्यवस्थापकाच्या बायकोने मला फोन केला. "मर्ना, खरं सांग, यांना काय झालंय? ते म्हणतात काही नाही. काही नसेल तर लोक चार वेळा जेवण का आणून देतील?" मी तिला म्हटलं, की मला कुणाबद्दलच काही सांगता येत नाही. ती रडायलाच लागली. शेवटी तिला म्हणावं लागलं, की त्यांनाच विचारा, आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवा.

महिना संपत आला तेव्हा ज्यांना खात्रीने माहीत होतं त्यांनाही खात्री राहिली नव्हती. मग आर्डिसने दुपारच्या सुट्टीत सगळ्यांच्या देखत फिलिसला फोन लावला.

"फिलिस, मी आर्डिस. यंदा लाटायला न येता मी आराम करते म्हटलं. का म्हणजे? लॉन्ड्रीत कुणाला तरी लागलंय ना, मीच असेन, कोण जाणे. लाटायला येणाऱ्या बाकीच्याही इथल्याच आहेत, त्याही म्हणतात आराम करू. लेफ्साचं काय? ते तू लाट."

फिलिसची लेफ्सा म्हणजे बुटाचा तळवा, आणि हे तिला स्वतःलाही ठाऊक आहे. मग फिलिस आग्रह करायला लागली. आर्डिसने पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "बरं, एवढं म्हणतेस तर. पण मधलं टेबल कोरिनचं. दर वर्षीसारखं."

कोरिनला मी सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "टेबल मिळालं गं. रांग कुणी लावून देणार आहे का?"

तपासणीचा शेवटचा निकाल यायला अजून बरेच दिवस होते. तो पुढे आला. काय आला ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे.

जेवणावळीच्या दिवशी तळघरात नेहमीसारखी गर्दी, नेहमीसारखा माशाचा वास. मी दाराशी तिकिटं घेत होते, तिथून सगळं दालन दिसतं. कोरिनने तवा तापवला. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, पीठ भुरभुरलं आणि आईच्या लाटण्याने पहिली लेफ्सा लाटली. लांब काठीने उचलून तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. तिच्यासमोर कुणी नव्हतं.

लोक वाईट वागले असं मी म्हणणार नाही. जाता जाता प्रत्येक जण तिच्याकडे बघून हसत होता. "सुरेख वास सुटलाय, कोरिन," असं म्हणत होता. आणि मग भिंतीकडच्या लांब टेबलावर जाऊन थप्पीतली थंड लेफ्सा उचलत होता. त्या थप्पीतल्या निम्म्या आदल्या दिवशी कोरिननेच लाटल्या होत्या, पण आता कुठली कुणाची ते कुणाला कळत नव्हतं. तिच्या टेबलावर गरम लेफ्सांची थप्पी वाढत चालली. ती खाली बघून लाटत होती. थांबली असती तर तिला वर बघावं लागलं असतं.

आर्डिस स्वयंपाकघराच्या दारातून निघाली. मी तिकिटांचा गठ्ठा टाकून तिला मध्येच गाठलं.

"सोड मला. मी चार खाते."

"तू गेलीस तर तेही हॉटडिश नेल्यासारखंच होईल," मी म्हटलं. "सगळ्यांना कळेल, की तू दयेने खातेस. तिलाही कळेल."

ती थांबली. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. माझ्या कुलपाचा, किल्लीचा, कशाचाच तिथे काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली. अॅल्विनाबाई काठी टेकत उठल्या. त्या दर वर्षी जेवल्या की थेट दाराकडे येतात, म्हणून मी बाजूला झाले. पण त्या दाराकडे आल्या नाहीत. दालन ओलांडून मधल्या टेबलापाशी गेल्या. त्यांना ओलांडायला वेळ लागला, आणि त्या वेळात लोकांचं बोलणं हळूहळू थांबत गेलं.

"गरम आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो, लुंडबाई." कोरिनने वर पाहिलं. "देऊ एक?"

एवढं म्हणून ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो, पुढच्या दोन नकारांसाठी. तो जन्माचा नेम होता, आणि अॅल्विनाबाई तर जुन्या वळणाच्या.

"दे," अॅल्विनाबाई म्हणाल्या.

पहिल्यांदाच विचारलं, आणि पहिल्यांदाच हो. कोरिनने लेफ्सावर लोणी फिरवलं, साखर टाकली, गुंडाळली आणि बशी शोधायला लागली. अॅल्विनाबाईंनी हात पुढे केला आणि तिच्या बोटांतून ती तशीच घेतली. उभ्या उभ्याच खाल्ली, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग बोटांची साखर चाटली.

"लोणी कमी लावतेस," त्या म्हणाल्या. "तुझी आई सढळ हाताने लावायची."

"हो."

"माझी ताटली तू आणून दिली होतीस. एवढीशी होतीस. दोन्ही हातांनी धरली होतीस."

कोरिनच्या हातातलं लाटणं थांबलं. "जड होती," ती म्हणाली.

"हो," अॅल्विनाबाई म्हणाल्या. "फार जड होती." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि काठी टेबलाला टेकवून बसल्या. "आणखी एक दे. आता लोणी नीट लाव."

कोरिनने लावलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात पिठाचे असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. मग अॅल्विनाबाईंनीच रुमाल काढून पुसलं.

थोड्या वेळाने त्यांच्यामागे एक माणूस येऊन उभा राहिला. मग त्याची बायको, मग आणखी काही. रांग दर वर्षीइतकी लांब झाली नाही. काही जण शेवटपर्यंत आलेच नाहीत. कोण आलं नाही, ते मी दारातून नीट पाहिलं, आणि तीही नावं मी कुठे लिहिलेली नाहीत.